दोन हिवाळ्यांची निळी नळी

मित्रांनो, गेनोवेफाबाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी लाकडी चमचे खोचून ठेवलेलं एक उंच, चंदेरी भांडं दिसतं. पाहुण्यांना ती फुलदाणी वाटते. एकीने तर विचारलं होतं, लग्नात आलेली का हो? तर तो मी. फुलदाणी नव्हे, एक जुना दुहेरी काचेचा फ्लास्क. मला पाय असते तर त्या बाईसमोरून उठून गेलो असतो.

माझा जन्म पोलंडमधल्या वूच शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात झाला. हे गाव सूतगिरण्यांचं. बाहेर गिरण्यांचे भोंगे वाजत आणि आत क्साव्हेरी नावाचे काचकाम करणारे गृहस्थ तोंडात नळी धरून काच फुगवत असत. त्यांनी आधी एक काचेचं नळकांडं केलं, मग त्याहून थोडं मोठं दुसरं. लहान मोठ्यात घातलं, तोंडाशी दोघांना जोडलं, मधल्या जागेत चांदीचा मुलामा दिला आणि मग त्या जागेतली हवा पंपाने ओढून घेतली. शेवटी बुडाशी ज्योत लावून भोक बंद केलं. त्या जागी काचेचा एक छोटा थेंब राहिला. तो माझ्या बुडाशी अजून आहे, त्यामुळे मला लाकडी कड्यात बसवावं लागतं.

क्साव्हेरींना गप्पा मारायला काच पुरत असे. मला उजेडात धरून ते म्हणाले, "हे बघ बाळा, तुझ्या दोन भिंतींच्या मधे काहीच नाही. तेच तुझं भांडवल. ते सांभाळ." मी ते पुष्कळ वर्षं सांभाळलं.

माझं काम थंडी राखणं. साधीसुधी नव्हे हं. आमच्याकडच्या हिवाळ्यात कानाच्या पाळ्या बधिर होतात, ट्रामच्या काचांवर बर्फाची नक्षी उमटते. पण ती थंडी माझ्या पोटातल्या थंडीपुढे उबदार म्हणावी लागेल. माझ्यात द्रव नायट्रोजन ओतत. पाण्यासारखा दिसणारा, पांढरी वाफ सोडणारा. त्यात फूल बुडवलं तर काचेसारखं तडकतं. असा नायट्रोजन मी दिवसचे दिवस धरून ठेवी आणि बाहेरून मला हात लावला तर गार लागत नसे.

आता आत काय ठेवत, ते सांगतो. लिथियम नावाच्या धातूचं एक मीठ असतं. ते पाण्यात भरपूर विरघळवायचं, अगदी पाकासारखं होईपर्यंत. ते एका बारीक नळीत भरून एकदम थंडगार नायट्रोजनमध्ये बुडवायचं. साध्या पाण्याचा अशा वेळी बर्फ होतो, पांढरा आणि खडबडीत. या पाण्याला मात्र बर्फ व्हायला सवडच मिळत नाही. ते जसं आहे तसं थिजतं आणि काच होऊन बसतं. स्वच्छ, आरपार दिसणारी काच.

मग ती नळी थंडीतच कोबाल्टच्या खोलीत नेत. तिथे जाड शिशाच्या आड किरणोत्सारी कोबाल्ट असे आणि त्यातून न दिसणारे किरण निघत. ते किरण काचेतून जाताना तिथल्या कणांना धक्के देत आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होत. सुटा झालेला इलेक्ट्रॉन धावत सुटणार, पण धावणार कुठे? सगळं थिजलेलं. आजूबाजूचे पाण्याचे कण त्याच्याकडे जरासे वळत आणि तो त्यांच्यामधल्या एखाद्या खळग्यात अडकून बसे. असे अगणित इलेक्ट्रॉन अडकले की ती काच निळी होई. मित्रांनो, तो निळा रंग मी तुम्हाला सांगू शकत नाही. दौतीतल्या शाईत उजेड सोडला तर होईल तसा काहीसा. त्या निळाईत कुठलाही रंग घातलेला नसे. अडकून पडलेले इलेक्ट्रॉनच तसे दिसत.

आणि ही निळाई फार नाजूक. ऊब लागली की गेली. उजेड लागला तरी गेली, कारण उजेड त्या इलेक्ट्रॉनना खळग्यातून हुसकून लावतो. म्हणून जिला राखायचं तिला थंडीत ठेवा आणि अंधारात ठेवा. थंडीचं काम माझ्याकडे होतं. अंधाराचं काम माणसांकडे.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर सेवेरिन. उंच, वाकलेले, भुवया अशा दाट की पावसाळी ढग. माणूस कडक, पण निळाईवर जीव. त्यांनी एक प्रथा पाडली होती. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाच्या दिवसाचा थाट मोठा असतो. ज्या संताचं नाव माणसाला, त्या संताच्या दिवशी घरीदारी, कचेरीत केक आणि कॉफी होते. प्रोफेसरांचा नावाचा दिवस जानेवारीत. त्या दिवशी सगळे त्यांच्या खोलीत जमत, पडदे ओढत. प्रोफेसर एका छोट्या पारदर्शक फ्लास्कमध्ये निळी नळी बुडवून मधोमध ठेवत. आधी बॅटरीचा ओझरता उजेड टाकून सगळ्यांना निळा रंग दाखवत. मग मोठा दिवा लावत. बघता बघता निळाई विरत जाई आणि नळी पाण्यासारखी स्वच्छ होई. लोक टाळ्या वाजवत. नवी टंकलेखिका आली असेल तर ती हमखास विचारी, कुठे गेली हो? मग प्रोफेसर खूश.

ही नावाच्या दिवसाची नळी दर वर्षी बोग्ना तयार करी. बोग्ना ही त्यांची विद्यार्थिनी, आता तिथेच संशोधक झालेली. बारीक, अबोल, बोटांना कायम थंडीच्या भेगा पडलेल्या. ती नळी करून माझ्यात ठेवी, मला काळी मखमली खोळ घाली आणि प्रोफेसरांना काहीच सांगत नसे. त्यांनी यावं, खोळ वर करावी आणि नळी घेऊन जावी. भेट द्यायची ती अशी, न बोलता. प्रोफेसरांनाही ते आवडे. तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण खोळीची नाडी सोडताना शीळ घालत.

याच दोघांचं एका गोष्टीवरून बिनसलेलं होतं. बोग्ना म्हणे, निळ्या काचेत इलेक्ट्रॉन गिळणारं दुसरं मीठ चिमूटभर घातलं, की अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू त्याच्याकडे निघून जातात. थंडी कायम, अंधार कायम, तरीही. खळग्याबाहेर उडी मारायला लागणारं बळ त्यांच्याकडे नसतं. ते भिंत ओलांडत नाहीत, फोडत नाहीत, तरी पलीकडे निघतात. जवळचे आधी जातात, लांबचे फार फार उशिरा.

प्रोफेसर म्हणत, असं काही नाही. "तू झाकण उघडतेस, मोजायला नळी काढतेस, परत ठेवतेस. दर वेळी जरा ऊब लागते, जरा उजेड लागतो. तुझे इलेक्ट्रॉन तुझ्या हातून पळतात, बोग्ना."

ती वाद घालत नसे. आकडे पुढे ठेवी. ते भुवया उडवत. शेवटी त्यांनीच अट घातली. ते दुसरं मीठ घालून एक नळी कर, आरंभी एकदा मोज आणि बंद करून ठेव. दोन हिवाळे तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही, नुसता वरून नायट्रोजन घालत राहायचा. मग माझ्यासमोर मोज. निळाई तेवढीच भरली तर तू चुकलीस. कमी भरली तर मी सगळ्यांसमोर लिहून देईन की मी चुकलो. बोग्नाचे डोळे त्या दिवशी असे चमकले की मला माझ्या चांदीची लाज वाटली.

तिला दुसरं काय हवं होतं? पैसा नको, पद नको. या माणसाने एकदा म्हणावं, तुझं बरोबर होतं. शिवाय दोन हिवाळे संपताना प्रोफेसर निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागी येणाऱ्या साहेबांना थिजलेल्या काचेत काडीचाही रस नव्हता. तेव्हा जे काही व्हायचं ते याच नळीत.

ही नळी माझ्या वाट्याला आली नाही. त्याच सुमाराला संस्थेत धातूचा एक नवा, ढेरपोट्या फ्लास्क आला होता. पडला तर फुटणार नाही म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुक. सगळ्या महत्त्वाच्या नळ्या त्याच्यात गेल्या. मी कोपऱ्यात. वर्षातून एकदा नावाच्या दिवसाची नळी माझ्यात, बाकी वर्षभर धूळ. गेनोवेफाबाई, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मदतनीस, त्यांनी तर एकदा माझ्यात ओली छत्री ठेवली. मी काही बोललो नाही. फ्लास्क बोलत नसतात.

मधल्या उन्हाळ्यात नायट्रोजनची गाडी वेळेवर आली नाही. सगळीकडचे साठे आटत चालले. तेव्हा याच गेनोवेफाबाई शेजारच्या इमारतीत जाऊन, तिथल्या लोकांशी भांडून, स्वतःच्या घरच्या डब्याच्या थर्मासमधून थोडा थोडा नायट्रोजन आणत राहिल्या. बोग्नाच्या बाकीच्या नळ्या गेल्या, पांढऱ्या पडून तडकल्या. दोन हिवाळ्यांची ती एकच वाचली. त्या दिवशी बोग्ना गेनोवेफाबाईंच्या गळ्यात पडून रडली आणि गेनोवेफाबाई म्हणाल्या, "पुरे गं, माझा थर्मास थंडीने गारठलाय, आता त्यात सूप राहील का कोण जाणे."

मग दुसरा हिवाळा आला. नाताळ झाला आणि एका सकाळी त्या नव्या धातूच्या फ्लास्कच्या अंगावर घाम दिसला. मग दव, मग बर्फ. मित्रांनो, आमच्या जातीत हे मरणाचं लक्षण. भिंतींच्या मधे हवा शिरली होती. बोग्नाने हात लावून पाहिला आणि ती पांढरीफटक पडली. संध्याकाळपर्यंत त्यातला सगळा नायट्रोजन उडून गेला असता.

तिने मला कोपऱ्यातून ओढलं, पुसलं, भरलं. खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत नेऊन दिवा बंद केला आणि केवळ बोटांच्या अंदाजाने ती नळी त्याच्यातून काढून माझ्यात सोडली. एका क्षणाचं काम. उजेडाचा कणही लागला नाही, ऊबही नाही. मी साक्षीदार आहे, पण माझी साक्ष कोण काढणार? वर मखमली खोळ घातली.

गेनोवेफाबाईंनी विचारलं, "साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"हलवायची नाही, असं ठरलं होतं. सांगितलं तर म्हणतील, हलवताना ऊब लागली. पुढच्या आठवड्यात मोजायचं यंत्र मोकळं होतंय. एकदा मोजून होऊ दे, मग सांगते."

तेवढं एक तिने लपवलं. घाबरून लपवलं, दुसरं काही नाही. आणि मोजणी व्हायच्या आधीच, त्याच आठवड्यात प्रोफेसरांचा नावाचा दिवस होता. शेवटचा, कारण महिनाअखेर ते जाणार होते. त्या वर्षी नावाच्या दिवसाची नळी झालीच नव्हती; जुना कोबाल्ट काढून नवा घालायचा म्हणून ती खोली कधीची बंद होती. बोग्नाला त्याचं वाईट वाटत होतं. निदान चांगला खसखशीचा केक तरी न्यावा म्हणून ती सकाळीच मिठाईच्या दुकानासमोर रांगेत जाऊन उभी राहिली. आमच्याकडे तेव्हा केकलाही रांग, कॉफीलाही रांग. तिथून तिला निघता आलं नाही.

दुपारी प्रोफेसर आले. कोटाला कुणीतरी लावलेलं फूल होतं. मला पाहून थांबले. इतकी वर्षं नावाच्या दिवसाची नळी ज्यात असते तो मी, त्याच जागी, तीच काळी खोळ घालून उभा. त्यांनी दुसरं काय समजावं? खोली बंद व्हायच्या आधीच पोरीने करून ठेवली, असंच त्यांना वाटलं. स्वतःशीच म्हणाले, "विसरली नाही हो." त्यांचा आवाज जरा ओला होता. नाडी सोडताना त्यांनी शीळ घातली.

मला हात असते तर मी त्यांचं मनगट धरलं असतं. त्यांनी दिवा मालवून नळी काढली, छोट्या पारदर्शक फ्लास्कमध्ये ठेवून त्यावर माझी खोळ घातली आणि मलाही बगलेत मारलं, वेळ पडली तर त्यात नायट्रोजन घालायला. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

खोली माणसांनी भरली होती. पडदे ओढले. बॅटरीचा उजेड पडला आणि निळा रंग दिसला. प्रोफेसर पुढे वाकले. मग हसून म्हणाले, यंदाची फिकी आहे मंडळी, आमच्या बोग्नाबाईंनी घाईत केलेली दिसते, नाहीतर नेहमीसारखा हातून उजेड लागला. सगळे हसले. त्यांनी मोठा दिवा लावला.

त्याच वेळी दार उघडून बोग्ना आत आली. हातात दोरीने बांधलेला केकचा पुडा, टोपीवर बर्फ. तिने टेबलाकडे पाहिलं, मग खोळ नसलेल्या माझ्याकडे पाहिलं. नळी तोवर अर्धी निळी होती. मग नव्हती. टाळ्या झाल्या. कुणीतरी शंभर वर्षं जगा असं गाणं सुरू केलं आणि सगळे गाऊ लागले. बोग्नाही ओठ हलवत होती. मग तिने केक कापला. सगळ्यांना सारखे तुकडे दिले आणि स्वतःला ठेवायला विसरली.

गेनोवेफाबाई कॉफीचे पेले घेऊन आल्या, रिकामी खोळ पाहिली आणि ट्रे तसाच टेबलावर ठेवून दिला. त्या दिवशी साहेबांना काही सांगायचं नाही, असं बोग्नाने त्यांना डोळ्यांनीच बजावलं. पण दुसऱ्या दिवशी गेनोवेफाबाईंच्याने राहवलं नाही, त्यांनी साहेबांना सांगून टाकलं.

प्रोफेसर आले तेव्हा बोग्ना माझ्यापाशीच बसली होती. ते दारातच उभे राहिले, टोपी हातात.

"ती होती?" त्यांनी विचारलं.

"हो, सर. मोठं भांडं घामेजलं म्हणून हलवली होती."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही म्हणाला असतात, ऊब लागली."

"म्हणालो असतो," ते म्हणाले. मग आत येऊन स्टुलावर बसले. ते स्टूल बुटकं, त्यामुळे त्यांचे गुडघे वर आले आणि ते एकदम म्हातारे दिसले.

"बोग्ना, काल ती फिकी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू म्हणत होतीस तसंच झालं असणार." त्यांनी टोपी फिरवली. "मी तसं लिहून देतो."

मित्रांनो, हेच ऐकायला ती दोन हिवाळे थांबली होती. मला वाटलं, घे. देतायत तर घे.

"किती फिकी, सर?"

"डोळ्याला दिसली तेवढी."

"मग तो आकडा नाही," ती म्हणाली. "आणि मी ती हलवली होती. दुसऱ्या कुणी असं लिहून आणलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"फाडलं असतं."

"मग नका लिहू."

ते रडले. आवाज न करता, मोठी माणसं रडतात तसे. ती उठून त्यांच्यासाठी चहा करायला गेली. महिनाअखेर ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी वारले. नव्या साहेबांनी वसंतात कोबाल्टची खोली उघडली, पण थिजलेल्या काचांसाठी नाही. बोग्नाने दोनदा अर्ज केला, तिसऱ्यांदा केला नाही. ती एका कापड गिरणीच्या तपासणी खात्यात लागली. रंगवलेल्या कापडाचे तुकडे दिव्याखाली ठेवायचे आणि रंग किती उडतो ते मोजायचं, हे तिचं काम. गेनोवेफाबाई सांगतात, ती आता पुष्कळ जाड झाली आहे आणि कामाबद्दल विचारलं तर हवापाण्याबद्दल बोलते.

पण ती जाण्याआधीचे दिवस मला आठवतात. माझ्यात नळी नव्हती, काहीच नव्हतं. तरी बोग्ना रोज येई, झाकण काढी, आणि काठोकाठ नायट्रोजन भरी. वर खोळ घाली, नाडी बांधी. एकदा गेनोवेफाबाईंनी विचारलं, आत आता आहे काय, भरतेस कशाला? ती म्हणाली, "काही नाही. राहू दे." आणि भरत राहिली. मीही माझी थंडी राखत राहिलो, एक थेंबही वाया जाऊ दिला नाही, जणू आत कुणी आहे. मग एके दिवशी ती आली नाही. नायट्रोजन उकळून उडून गेला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आतून ऊब लागली. ती मला मुळीच आवडली नाही. पुढे गेनोवेफाबाईंनी मला आपल्या घरी आणलं.

माझ्यासारख्याच्या गोष्टीतून काहीतरी घ्यायचं असतं म्हणतात. तेव्हा एवढंच सांगतो, मित्रांनो. कुणी काही झाकून ठेवलेलं दिसलं आणि ते आपल्यासाठीच आहे असं तुम्हाला अगदी खात्रीने वाटलं, तरी उघडण्याआधी त्या माणसाला विचारा. तो रांगेत उभा असेल तर तो येईपर्यंत थांबा. बोग्नाला आता याचा काही उपयोग नाही.